माझी टॉवेलवर झालेली बदली

पुरळ गेलं त्या सकाळी मी आरशासमोर उभा राहून दोन्ही तळहात स्वतःलाच दाखवले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "संपलं बरं का!" माणसाने असलं काही मोठ्याने बोलू नये. पुरळ खरोखरच गेलं होतं. लाली, खाज, फोड, सगळं चिकट पाहुणे एकदाचे जावेत तसं निघून गेलं होतं. पण पाहुणे गेल्यावर घराची जी दशा होते ती माझ्या हातांची झाली. कातडी आधी कोरडी पडली, मग कडक झाली आणि मग तिला बारीक बारीक चिरा पडायला लागल्या. भाजी चिरताना हाताला मीठ लागलं की मी असा ओरडायचो की शेजारच्या घरातलं बोलणं थांबायचं.

पुरळ कशाने आलं ते विचारू नका. स्वयंपाकघरातलं कपाट, एक जालीम पावडर आणि "तू बस, मी करतो" हे माझं वाक्य, एवढ्यावरून काय ते समजून घ्या. ते वाक्य मी त्यानंतर आयुष्यात पुन्हा उच्चारलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, हात कोरडे पडले यात एवढं काय? गवंड्याचे पडतात, माळ्याचे पडतात, कोणी त्याची कथा करत बसत नाही. बरोबर आहे. पण मी रेशमाच्या काउंटरवर होतो.

आमचं कापडाचं दुकान तीन मजली होतं. आता त्या जागी काहीतरी चकचकीत उभं आहे. तिथे सगळं कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असतं आणि हात लावलात तर पोरं डोळे वटारतात. आमच्या काळी मात्र कापड हाताने विकलं जायचं आणि हातानेच विकत घेतलं जायचं. दुकानात नवा माणूस आला की तो आधी टॉवेलवर. तिथे टिकला तर चादरींवर, मग पडद्यांवर, मग सुतीवर, आणि सगळ्यात शेवटी, नशिबात असेल तर, दुसऱ्या मजल्यावर रेशमाला. तिथे काच लावलेलं लांब टेबल होतं, वर पिवळा दिवा होता, आणि कुणास ठाऊक का, तिथे आलं की गिऱ्हाईकं आपोआप हळू बोलायची. मी तिथे पोचेपर्यंत माझे निम्मे केस गेले होते. आमच्या बायकोने तिच्या माहेरच्या यच्चयावत नातलगांना कळवून टाकलं होतं, "हे आता रेशमात असतात." ऐकणाऱ्याला वाटावं की मी रेशीम नेसूनच बसतो.

या काउंटरचे प्रमुख म्हणजे रेशीमकाका. खरं नाव मालकांना ठाऊक असेल, आम्हाला नव्हतं. उंच, शिडशिडीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. डोळे मिटून कापडावरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "यात भेसळ आहे. परत पाठवा." कधी चुकले नाहीत. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते आमचे हात तपासायचे. खिशातून झिरझिरीत रेशमाचा एक तुकडा काढायचे, चिमटीत धरायचे आणि आमच्या तळहातावरून अलगद ओढत न्यायचे. तुकडा सरळ सरकला तर दिवस आपला. कुठे जरा अडकला, एक धागा जरी निघाला, तर त्या दिवशी रेशमाला हात लावायचा नाही. मग ताप असो की घरी लग्न असो, काका ऐकायचे नाहीत.

रजा संपवून मी कामावर गेलो त्या सकाळी तो तुकडा माझ्या तळहातावरून सरकला नाही. तो तिथेच मुक्कामाला राहिला. काकांनी हलकेच ओढलं तशी एक लांबलचक तार निघाली आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. मागे मॅनेजर उभे होते. हा माणूस नेमका नको तेव्हा मागे उभा असायचा.

"अहो, हे काय हात म्हणायचे की कानस?" मॅनेजर म्हणाले. "तुम्ही तूर्त टॉवेलवर जा. लग्नाचा हंगाम सुरू व्हायच्या आत हात नीट झाले तर परत या. नाही झाले तर पडदेवाल्याला इथे घेऊ, तुम्ही मग खालीच कायमचे."

पडदेवाला म्हणजे माझ्यापेक्षा लहान, नेहमी शीळ घालणारा आणि हात लोण्यासारखे असलेला. काहीही काम न करता आयुष्य काढलं तर कोणाचेही हात तसे राहतील.

मी टॉवेलच्या ढिगाऱ्यामागे जाऊन उभा राहिलो. पहिल्याच बाईंनी एक टॉवेल उचलला, त्याने स्वतःचं तोंड पुसून बघितलं आणि "दुसरा दाखवा" म्हणाल्या.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "किती दिवस म्हणे टॉवेलवर?"

"तात्पुरतं आहे गं."

"माझ्या ताईला मात्र यातलं काही बोलू नका."

तिच्या ताईला मी काही बोललो नाही, पण आमच्या इमारतीत सगळ्यांना कळलं. वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहायचे. ते पायऱ्या उतरून खास माझे हात बघायला आले, चष्मा वर-खाली करून त्यांनी चिरा पाहिल्या आणि निकाल दिला, "उष्ण पाणी आणि मीठ. कडकडीत. चटका बसला पाहिजे. आमच्या शाळेत मुलांचे हात कधी फुटले नाहीत." हेडमास्तरांच्या शाळेत मुलांचे हात का फुटले नाहीत आणि दुसरंच काय काय फुटलं, हा वेगळा विषय आहे. मी कडकडीत पाण्यात मीठ टाकून हात बुडवले. त्यानंतर मी जो आवाज काढला तो ऐकून हेडमास्तर समाधानाने वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कातडी आणखी आक्रसली. मग गावाहून आईने दुधाची साय लावायचा निरोप धाडला. साय रात्री लावली, सकाळी उशीला मुंग्या लागल्या. मग समोरच्या दारात राहणारा कंपाउंडर आला. तो जनावरांच्या दवाखान्यात होता, आणि त्यामुळे आपल्याला वैद्यकातलं सगळं कळतं अशी त्याची खात्री होती.

"दादा, हे घ्या," त्याने एक पत्र्याचा डबा पुढे केला. "गाईच्या आचळांना भेगा पडल्या की हेच लावतो. गाय दुसऱ्या दिवशी खूश."

"पण मी गाय नाहीये रे."

"कातडी ती कातडी."

वास असा होता की सांगता सोय नाही. पण मला रेशीम खुणावत होतं. मी लावलं आणि कामावर निघालो. बसच्या थांब्यापासून दुकानापर्यंत एक कुत्रा माझ्या मागे आला आणि दाराशी बसून राहिला. बसमधली दांडी माझ्या हातातून निसटली आणि मी एका वयस्कर गृहस्थांच्या मांडीवर जाऊन बसलो. ते सभ्य होते, त्यांनी फक्त नाकाला रुमाल लावला. दुकानात गेल्यावर मलमाला टॉवेलचे सुटे तंतू चिकटायला लागले. दुपारपर्यंत माझे दोन्ही हात मनगटापर्यंत केसाळ झाले होते. एका लहान मुलीने ते बघून आईचा पदर धरला. पडदेवाला मुद्दाम जिना उतरून आला आणि शीळ घालत परत गेला.

आता मी केलेला खरा मूर्खपणा सांगतो. रेशमात एक नियम असतो, सुटलेला धागा ओढायचा नाही, बारीक कात्रीने मुळाशी कापायचा. वर्षानुवर्षं हे केलेलं, त्यामुळे डोक्यात तेच भिनलेलं. तळहातावर कोरड्या कातडीचे पापुद्रे सुटलेले होते, मला ते सुटलेले धागेच दिसायला लागले. काउंटरची बारीक कात्री मी घरी आणली, चांगला दिव्याखाली बसलो आणि एक एक पापुद्रा मुळाशी कापून काढला. काम सुबक झालं होतं हे मी आजही म्हणेन. बायकोला कौतुकाने दाखवलं. ती म्हणाली, "अहो, रक्त येतंय."

मग डॉक्टरकडे जाणं भागच होतं. दुकानातल्या नोकरांसाठी एक दवाखाना ठरलेला होता. तिथे डॉक्टर भेटायच्या आधी खिडकीवरचा कारकून भेटायचा.

"आजार काय?"

"हात कोरडे पडलेत. चिरा आहेत."

त्याने माझी जुनी फाइल काढली. "तुम्हाला पुरळ होतं."

"ते गेलं."

"मग बरे झालात."

"हो, पण बरं झाल्यापासून फार त्रास होतोय."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "हे बघा, बरं झालेल्या माणसाला डॉक्टर देता येत नाही. पुरळ परत आलं की या, लगेच आत सोडतो."

"पुरळ मुद्दाम आणू का?"

"ते तुम्ही बघा. आधी ही फाइल बंद झाल्याची सही करा."

मी पेन घेतलं, बोट वाकवलं, चीर उघडली आणि सहीच्या जागी रक्ताचा थेंब पडला. कारकुनाचा चेहरा एकदम उजळला. "अहो, मग आधी सांगायचं नाही का? ही जखम झाली! जखमेत बसवता येईल." आणि त्याने मला मानाने आत सोडलं. प्रामाणिकपणे सांगतो, इतक्या दिवसांत माझ्या हातांचं कोणाला एवढं अप्रूप वाटलं नव्हतं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी माझे हात हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले, आणि विचारलं, "हे पापुद्रे कोणी कापले?"

"मीच."

"कशाने?"

"कापडाच्या कात्रीने."

"हे काय कापड आहे का?"

मी मान खाली घातली. मीठ, साय, गाय, सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत, याचं मला आजही कौतुक वाटतं. त्यांनी सांगितलं ते इतकं साधं होतं की मला आधी फसवल्यासारखंच वाटलं. पाणी कोमट, गरम नाही. साबण सौम्य आणि थोडाच. हात पुसायचे नाहीत, टिपायचे. आणि ते पुरते वाळायच्या आत, ओलसर असतानाच, साधं बिनवासाचं मलम लावायचं. जितक्या वेळा हात धुवाल तितक्या वेळा. रात्री वरून सुती हातमोजे. "पुरळ वरवर गेलं, पण कातडीला अजून पाणी धरता येत नाहीये. तिला वेळ द्या. आणि कात्री घरी नका ठेवू."

सुती हातमोजे कुठे मिळेनात. बायकोने माझेच पायमोजे हातात चढवले. पहिल्याच सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली आणि ती नेमकी न्हाणीघरात होती. मी मोज्यांच्या हातांनी कडीशी झगडत राहिलो. कडी काही निघेना. शेवटी दाताने ओढली. दार उघडलं तेव्हा दूधवाल्याने माझ्या हातांकडे बघितलं, मग पायांकडे बघितलं. पाय उघडे होते. तो पातेल्यात दूध ओतून गेला, पण त्या दिवसापासून दूध थोडं जास्त घालायचा.

खरं सांगायचं तर ते दिवस मला फार आठवतात. संध्याकाळी मी कामावरून आलो की बायको कोमट पाण्याचं पातेलं टेबलावर ठेवायची. मी हात बुडवून बसायचो. ती समोर बसून दिवसभराचं सांगायची, मी नुसता ऐकायचो, कारण हात पाण्यात असलेला माणूस पेपर वाचू शकत नाही. मग ती टॉवेलने माझे हात टिपायची, तोही आमच्याच काउंटरचा, आणि मलम चोळायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आमच्या. इतका वेळ एकमेकांसमोर आम्ही कधी बसलो होतो, मला आठवेना. पुढे हात बरे झाले तरी पातेलं काही दिवस टेबलावर येत राहिलं आणि आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

हंगाम तोंडावर आला तोवर चिरा बुजल्या होत्या. मी गुपचूप बायकोच्या जुन्या रेशमी रुमालावर हात फिरवून बघायचो, एकही तार निघत नव्हती. ज्या सकाळी मॅनेजरांनी तपासणीला वर बोलावलं त्या सकाळी बायकोने मला जाताना नवा शर्ट दिला.

दुसऱ्या मजल्यावर पिवळा दिवा लागलेला होता. मॅनेजर होते, पडदेवाला होता, तोही शर्ट बदलून आला होता. काकांनी खिशातून तुकडा काढला, चिमटीत धरला आणि माझ्या तळहातावरून ओढला. तो पाण्यावरून जावा तसा गेला. मला कातडीवर जाणवलासुद्धा नाही. माझा जीव भांड्यात पडतोय तोच काकांनी हात मागे घेतला आणि तुकड्यातून एक धागा लांब निघून लोंबायला लागला.

"निघाला बघा धागा!" मॅनेजर म्हणाले.

मी धाग्याकडे बघितलं. त्याचं टोक माझ्या हातावर नव्हतंच. ते काकांच्या अंगठ्यात अडकलं होतं. आणि मग मी तो अंगठा इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितला. वाळलेला, पांढुरका, टोकाला खोल चीर पडलेली. चिरेत कसलंतरी मेण भरलेलं होतं. मी काकांच्या तोंडाकडे बघितलं. डोळे मिटून रेशीम ओळखणारा तो माणूस डोळे मिटूनच उभा होता. मला एकदम कळलं की गेले कित्येक महिने काका रेशमाचे गठ्ठे स्वतः न उलगडता आम्हालाच का उलगडायला लावत होते.

बोललो असतो तर काम झालं असतं. "साहेब, तो माझा हात नाही," एवढंच वाक्य. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण ज्या माणसाने मला रेशीम धरायला शिकवलं त्याच्याकडे सगळ्यांदेखत बोट दाखवायचं, हे माझ्याच्याने होईना.

"अजून जरा बाकी आहे वाटतं," मी म्हणालो आणि जिना उतरून टॉवेलकडे गेलो. मागून शीळ ऐकू आली.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती आधी भडकली.

"अहो, मी इतके दिवस तुमचे तेलकट मोजे उकळतेय ते काय या टॉवेलसाठी? तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"काकांचा चेहरा बघवला नाही गं."

"आणि माझा बघवतो?" ती तणतणत आत गेली. भांड्यांचा आवाज बराच वेळ चालला. मग आवाज थांबला आणि ती दारात येऊन उभी राहिली. "त्यांच्या घरी कोण असतं?"

"कोणी नाही. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली."

"म्हणजे मलम लावून द्यायलाही कोणी नाही."

सकाळी माझ्या डब्याच्या पिशवीत मलमाची नवी बाटली होती, आणि सुती मोज्यांचा एक जोड, नवाकोरा.

बाटली काकांना द्यायची कशी, हे ठरवण्यात माझी सकाळ गेली. तपासणीचा तो ताठ माणूस, त्याला काय म्हणायचं? मी टॉवेलांच्या घड्या घालत होतो, तेवढ्यात काकाच जिना उतरून आले. त्यांच्या मागे गोंधळलेले मॅनेजर, आणि त्यांच्या मागे पडदेवाला, शीळ बंद.

"काका, अहो, पण तुम्ही असं कसं..." मॅनेजर म्हणत होते.

"धागा माझ्या बोटाला लागला होता," काका सगळ्या तळमजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "याचे हात स्वच्छ आहेत. हंगामाला वर हा बसेल. आणि ज्याचा हात तपासणीत नापास होतो तो टॉवेलवर जातो, हा नियम मीच केलाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सरक रे. घड्या कशा घालतोस या? लाज आणशील."

मी सरकलो. पिशवीतली बाटली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, वास घेतला.

"हे गाईचं तर नाही ना?" त्यांनी विचारलं. दुकानात कोणाला काय काय कळलेलं असतं, सांगता येत नाही.

"नाही काका. माणसांचं आहे. हात ओले असताना लावायचं."

"माझ्याच्याने झाकणसुद्धा निघत नाही," काका हळूच म्हणाले. "मेण लावून लावून बोटं वाकेनाशी झालीत."

मागच्या मोरीत मी कोमट पाणी आणलं, आमच्याच ढिगातला एक टॉवेल घेतला, त्यांचे हात टिपले आणि मलम लावलं. काका अवघडून भिंतीकडे बघत उभे होते. एका हाताचं झालं, तशी त्यांनी न सांगता दुसरा पुढे केला.

म्हाताऱ्या माणसाची कातडी माझ्यासारखी लवकर भरत नाही. काका परत वर आले नाहीत. टॉवेलवरच राहिले, आणि त्यांच्यामुळे टॉवेलवर गिऱ्हाईकं हळू बोलायला लागली. मी रोज दुपारी चहाच्या सुट्टीत खाली जायचो आणि मोरीशी त्यांचे हात धरायचो. मॅनेजर कधीकधी मागे येऊन उभे राहायचे आणि तसेच निघून जायचे. पुढे दुकान मोडलं, माणसं पांगली, काकाही गेले. रेशमाचं ते काउंटर मला आठवतं, नाही असं नाही. पण मन मागे गेलं की ते आधी तिथे जात नाही. ते खाली मोरीशी जातं, जिथे काका मलम चोळून घेताना न चुकता म्हणायचे, "बास रे, पुरे झालं," आणि हात मात्र मागे घ्यायचे नाहीत.